सलामाची रांग

आबा,

रविवारी सकाळी तुम्ही मोरीत उकिडवे बसून हात धूत असायचात आणि मी तांब्याने पाणी ओतायचे. आधी रॉकेलचा बोळा, मग चुलीतली राख, मग पिळून घेतलेल्या लिंबाची साल आणि सगळ्यांत शेवटी साबण. आठवडाभर स्टेशनच्या केबिनमध्ये सिग्नलची लिव्हरं ओढून तुमच्या हातांत ग्रीस मुरलेलं असायचं. लिव्हर धरायला फडकं होतं, ते खांद्यावरून कधी उतरायचं नाही, तरी काळं कातडीत शिरायचंच. "हळू वत, पोरी, तांब्यात लय न्हाई राह्यलं," तुम्ही म्हणायचात. मी एकदा विचारलं होतं, एवढं कशाला घासता, देव काय हात बघणार आहे? तुम्ही नखं लिंबाच्या सालीत खुपसून म्हणालात, "देव न्हाई बघत. पन समद्यांच्या हातात द्यायचाय न्हवं." मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. खिडकीबाहेर धुकं आहे, घाटातून गाडी ढकलत वर आलेलं इंजिन दमल्यासारखी शिटी देतंय आणि तुमच्या बोटांवरून काळसर पाणी मोरीच्या भोकाकडे जातंय. ते मी अजून बघते.

सलामाची रांग कशी असायची ते तुम्हाला सांगायची गरज नाही. पण ती पूर्वीसारखी पाहिलेली माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत, म्हणून लिहिते. उपासना संपली की पाळकसाहेब दारात उभे राहायचे. मग मंडळीतलं सगळ्यांत वयस्कर माणूस बाहेर यायचं, त्यांचा हात हातात घेऊन "सलाम" म्हणायचं आणि त्यांच्या शेजारी उभं राहायचं. पुढचं माणूस दोघांना सलाम करून तिसरं उभं राहायचं. असं करत करत रांग जांभळाच्या झाडाला वळसा घालून फाटकापर्यंत जायची. शेवटी यायची सगळ्यांत लहान पोरं, आणि त्यांचा हात पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येकाच्या हातून जायचा. शेवटच्या पोराचा सलाम झाला की रांग मोडायची. तोवर कुणी घरी जात नसे. भांडण असलं तरी नाही. तुम्ही म्हणायचात की भांडण असलं तर मुद्दाम जायचं नाही, कारण रांगेत ज्याच्याशी बोलत नाही त्याचाही हात येतोच.

कॉन्व्हेंटमध्ये मात्र मला या शब्दाची लाज वाटायला लागली. एकदा बाजारात तुमच्या ओळखीचं कुणी भेटलं आणि मी "सलाम काका" म्हणाले. शेजारी वर्गातली मुलगी होती. दुसऱ्या दिवशी तिने डबा खाताना सगळ्यांदेखत विचारलं, "तुम्ही नक्की कोण आहात गं? ख्रिश्चन ना? मग सलाम कसला?" सगळ्या हसल्या. मी घरी येऊन तुम्हाला सांगितलं की आपण यापुढे गुड मॉर्निंग म्हणू या. तुम्ही कंदिलाची काच पुसत होता. "सलाम म्हंजी शांती," तुम्ही म्हणालात. "प्रभू मेल्यातनं उठल्यावर दारं लावून बसलेल्या शिष्यांकडं आला, तवा त्यानं पयली शांतीच दिली. सकाळ चांगली हाये का वाईट, ते न्हाई सांगत बसला." मला हसू आलं होतं, पण मी हसले नाही. त्या वर्षी मी तुम्हाला डॅडी म्हणायचाही प्रयत्न केला होता. तुम्ही ओ दिली नाही. दोन दिवसांनी मीच कंटाळून पुन्हा आबा म्हणाले, तर लगेच म्हणालात, "आता कसं, वळखीचं कोनतरी हाक मारतंय."

मी सतरा वर्षांची झाले तेव्हा सिस्टरांनी कपाटामागे पडलेली एक जुनी गिटार मला दिली. त्यांच्याकडूनच मी चार-पाच इंग्रजी गाणी शिकले होते. आपल्या चर्चमधल्या पाच पोरापोरींना मी ती शिकवली आणि नाताळच्या आधीच्या एका रविवारी आम्ही पुढे जाऊन उभे राहिलो. पाळकसाहेबांची परवानगी होती. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांमध्ये तुम्ही सगळ्यांत जुने, तुम्हाला मात्र मी विचारलं नव्हतं. त्या दिवशी माझ्या कॉन्व्हेंटमधल्या दोन मैत्रिणी मुद्दाम आम्हाला ऐकायला आल्या होत्या, तिसऱ्या बाकावर बसल्या होत्या. पहिलं कडवं झालं, दुसरं सुरू झालं आणि पुढच्या बाकावरून तुमचा हात वर गेला. लाल बावटा दाखवावा तसा, ताठ. आम्ही थांबलो. तुम्ही उठून उभे राहिलात आणि अगदी शांतपणे म्हणालात, "पोरी, गानं ग्वाड हाये. पन मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या मानसांना त्यातलं काय कळतंय? त्यांना गाडीत घे. मानसं फलाटावर असताना गाडी सोडायची न्हाई."

लोक हसले. वाईट हसले नाहीत, आज मला कळतं. म्हाताऱ्यांना तर बरंच वाटलं असेल. पण मी बघत होते तिसऱ्या बाकाकडे. तिथे त्या दोघी एकमेकींकडे बघून 'न्हाई' असं ओठांनी म्हणत होत्या.

उपासना संपली. रांग लागली. तुम्ही दारापासून चौथे होता. मी बाहेर आले, माझ्या मागे त्या दोघी होत्या. पाळकसाहेबांना सलाम केला, पुढच्या दोघांना केला, आणि तुमच्यासमोरून पुढे जाऊन पाचव्या माणसाचा हात घेतला. तुमचा हात पुढे होता. तो तसाच राहिला. तेव्हा पाचव्या जागी उभ्या असलेल्या मावशी, मिशनच्या बंगल्यात स्वयंपाक करायच्या त्या, माझा हात सोडून तुमच्याकडे वळल्या आणि तुमचा रिकामा हात दोन्ही हातांत धरून मोठ्याने म्हणाल्या, "भाऊ, मघाशी माझा सलाम नीट झाला न्हाई बगा, परत घेते." असं म्हणून त्यांनी तो चांगला हलवला. मागचे लोक पुढे सरकले. कुणाला काही कळलंसुद्धा नसेल.

घरी आल्यावर मी गिटार खाटेवर आपटली आणि तिची एक तार तुटली. आई गेल्यापासून रविवारचं मटण तुम्हीच करायचात. त्या दिवशीही केलंत. नळी नेहमीसारखी माझ्या ताटात टाकलीत. मी मान खाली घालून जेवत होते. बऱ्याच वेळाने तुम्ही विचारलंत, "हात दिसला न्हाई व्हय मगाशी?" मी म्हणाले, "गर्दी होती आबा. दिसला नाही." तुम्ही भाकरी मोडता मोडता म्हणालात, "व्हय. गर्दी हुतीच." त्या रविवारी चर्चमध्ये सगळी मिळून चाळीस माणसं नसतील.

मंगळवारी ड्युटीवरून येताना तुम्ही खिशातून तारेचं एक वेटोळं काढून माझ्या वहीवर ठेवलंत. सिग्नलच्या तारेचा एक पदर होता, फिटरकडून मागून आणलेला. "तुज्या बाजाला लाव," म्हणालात. मी म्हणाले, गिटारची तार अशी नसते, वेगळी असते, मुंबईहून आणावी लागते. तुम्ही वेटोळं उचलून उजेडाकडे धरलंत. "ही तार पाऊन मैलावरचा सिग्नल वडती. तुजं गानं न्हाई वडनार व्हय?" मी पुस्तक उघडलं. तुम्ही ते वेटोळं फळीवर, आईच्या फोटोमागे ठेवलंत. ते अजून तिथेच आहे. गिटारीच्या खुंटीत ते शिरणार नाही इतकं जाड आहे, हे मी कितीतरी वर्षांनी, तुम्ही गेल्यावर, करून पाहिलं.

त्यानंतर तुम्ही सोळा वर्षं होता. मी एकही रविवार तुमचा सलाम चुकवला नाही. पण तुम्ही माझ्यापुढे आधी हात कधीच केला नाहीत. बाकी सगळ्यांपुढे करायचात. मी समोर आले की तुमचा उजवा हात फडक्याशी चाळा करत राहायचा, आणि माझा हात पुढे आलेला दिसला की मगच वर यायचा. कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं ते. तुम्ही रागावला होता असं मला कधी वाटलं नाही. मला वाटतं, तुम्ही मला सांभाळून घेत होता. पोरीला नको असेल तर तिची पंचाईत व्हायला नको. शवपेटीत ठेवलं तेव्हा तुमचे हात पांढऱ्या कापडाखाली होते. मी कापड बाजूला करून उजवा हात घेतला. तोही मीच आधी.

तुमच्यामागे मी शाळेत शिकवलं, निवृत्त झाले, आणि नऊ वर्षांपूर्वी मंडळीने मला पंच केलं. आपल्याकडची पहिली बाई पंच. गंमत बघा, रांगेत हात चुकवणारी मीच रांगेची राखणदार झाले. सलाम न घेता कुणी सटकायला लागलं तर मी फाटकाशी गाठायचे. लोक चेष्टेने म्हणायचे, "बाईंनी सिग्नल दिल्याशिवाय गाडी सुटत नाही." मला ते आवडायचं. वाटायचं, तुमचंच काम करतेय.

आताचं लोणावळं तुम्ही ओळखणार नाही. रविवारी तर रस्त्याने चालता येत नाही, चिक्कीच्या दुकानांपासून पार हमरस्त्यापर्यंत गाड्याच गाड्या. आपली तरुण पोरं हॉटेलांत कामाला आहेत, आणि हॉटेलवाल्यांचा रविवार म्हणजे आपला सोमवार. बाकीची तळेगावच्या कारखान्यांत आहेत, घोरावाडी स्टेशनजवळच्या सोसायट्यांत राहतात, पाळी संपवून लोकलने येतात. चर्चच्या तरुण संघाने दोन वर्षांपूर्वी पंचांना पत्र दिलं की उपासना सकाळी सातला घ्या किंवा संध्याकाळी तरी घ्या, आणि गाणी थोडी आमचीही घ्या. ते पत्र मांडायला संघाची सेक्रेटरी आली होती. चोवीस वर्षांची, एका मोठ्या हॉटेलात रिसेप्शनला असते, आवाज इतका गोड की ऐकत राहावं. आमच्यातले एक काका आहेत, पेटी वाजवतात, कारखान्यातून निवृत्त झालेत. ते म्हणाले, "देवाची वेळ दहाची आहे. माझ्या आज्यापासून दहाची आहे." ती म्हणाली, "काका, देवाला चेक-आउट नसतो. आम्हाला अकराला असतो." सगळे हसले, आणि पत्र फायलीला लागलं. मीही हसले होते. मीही सही केली होती.

तरी ती यायची. हॉटेलचा मरून कोट घालूनच यायची, शेवटच्या बाकावर बसायची, आणि शेवटचं गाणं सुरू झालं की रिक्षाकडे पळायची. गेल्या जूनमधल्या एका रविवारी रांग लागलेली असताना ती माझ्यासमोरून धावत निघाली. "आंटी, सॉरी, ड्युटी," एवढंच म्हणाली. माझा हात पुढे होता. आणि आबा, मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हॉटेलातल्या पाहुण्यांपुढे दिवसभर हात जोडायला वेळ आहे. आपल्या माणसांचा हात धरायला तेवढा नाही."

ती थांबली. वळून माझ्याकडे बघितलं, मग रांगेकडे बघितलं. मग रिक्षात बसली. पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्या रविवारी तिच्याबरोबरचे आणखी दहा जण आले नाहीत. महिन्याभरात कळलं की ते घोरावाडीला एकाच्या फ्लॅटवर जमतात, गिटार वाजवतात, प्रार्थना करतात. पेटीवाले काका म्हणाले, "जाऊ देत. थंडी वाजली की येतील परत." पावसाळा गेला, थंडी आली. कुणी आलं नाही. उपासनेला आम्ही तेवीस जण उरलो, त्यांतले सात काठी टेकत येणारे. रांग फाटकापर्यंत सोडा, जांभळापर्यंतही पोचत नव्हती. शेवटी उभं राहायला लहान कुणी नव्हतंच. एका रविवारी रांगेत सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत लहान म्हणून जे उभे राहिले, ते एकावन्न वर्षांचे होते. त्यांनी स्वतःच विनोद केला, "मला आता गोळी-चॉकलेट मिळणार का?" आम्ही हसलो आणि रांग मोडली.

जानेवारीत एका रविवारी मी उपासनेला गेले नाही. आजारी नसताना चुकवलेला हा माझा पहिलाच रविवार. मी त्या हॉटेलात गेले. रिक्षा अर्ध्या वाटेत अडकली, उरलेलं चालत. आत काउंटरपाशी बॅगा घेतलेल्या लोकांची रांग होती, मीही तिच्यात उभी राहिले. माझी पाळी आली. ती खाली बघतच म्हणाली, "वेलकम मॅम," मग मान वर केली. मी काही ठरवून गेले होते, ते सगळं विसरले. काउंटरवरून हात पुढे केला आणि म्हणाले, "सलाम."

तिने वर छताच्या कोपऱ्याकडे पाहिलं, तिथे कॅमेरा होता. मग दोन्ही हात जोडले. हळूच म्हणाली, "आंटी, इथं हात मिळवायचा नाही. फक्त नमस्ते. रूल आहे."

माझा हात तिथेच. मागचा माणूस म्हणाला, "आजी, जरा लवकर." आबा, हात पुढे करणं सोपं असतं. तो मागे कसा घ्यायचा, किती हळू घ्यायचा, घेऊन कुठे ठेवायचा, हे मला अडुसष्टाव्या वर्षी त्या काउंटरपाशी कळेना. तुम्हाला निदान मावशी होत्या.

"दोनला सुटते," ती म्हणाली. "थांबाल?"

पार्किंगजवळ वॉचमनने मला त्याची खुर्ची दिली. दोन वाजून गेल्यावर ती डबा घेऊन आली, कठड्यावर बसली आणि झाकणात माझ्यासाठी पोळी-भाजी काढली. बराच वेळ आम्ही मटारच्या भावाबद्दल बोललो. मग मी म्हणाले, मी तुला तसं बोलायला नको होतं. ती म्हणाली, "आंटी, तुम्ही रागावलात त्याचं काही नाही. माझी आईपण रागावते. पण एवढे सगळे उभे होते ना? मी वळून बघितलं, वाटलं कुणीतरी म्हणेल, जाऊ दे तिला, ड्युटी आहे तिची. कुणीच बोललं नाही. म्हणून नाही आले."

मग मी तिला मावशींची गोष्ट सांगितली. तुमचा हात, माझं पुढे जाणं, मावशींचं परत सलाम घेणं. ती घास हातात धरून ऐकत होती. "तुम्ही मुद्दाम नाही घेतला हात?" तिने विचारलं. मी म्हणाले, "गर्दी होती गं. दिसला नाही." तिला ते पटलं. "मग तुम्ही आबांना तसं सांगितलंत ना? झालं तर मग." आणि ती पुन्हा जेवायला लागली.

डबा बंद करताना तीच म्हणाली, "आंटी, सलाम आधी का नाही घेत? आमच्याकडे माणूस आत येतो तेव्हा हसून नमस्ते. जाताना सगळ्यांना घाईच असते. सलाम आधी झाला की ज्याला जायचं तो जाईल, चोरासारखं पळायला नको." इतक्या वर्षांत आपल्याला कुणालाच हे सुचलं नव्हतं.

पंचांच्या बैठकीत मी ते मांडलं. पेटीवाले काका भडकले. "उपासनेत शांती मिळते, मग ती वाटायची. आधी कुठून वाटणार? पातेलं चुलीवर चढवायच्या आधीच वाढायला घेणार का, बाई?" मुद्दा चोख होता, तुम्हीसुद्धा तो मांडला असतात. मी म्हणाले, "काका, पातेल्याशी आपण तेवीस म्हातारीच राहिलो. जेवायला कोण आहे?" शेवटी ठरलं ते असं: महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजनाचा, सकाळी सातला, आणि सलाम आधी. बाकीचे रविवार होते तसेच. मला याहून जास्त काही मिळवता आलं नाही.

त्या पहिल्या रविवारी अकरातले पाच आले, पहिल्या लोकलने, डोळ्यांत झोप घेऊन. बाकीचे सहा आजवर आले नाहीत. रांग उलटी लावली होती. लहान आधी दारात उभे, आणि आम्ही म्हातारे एकेक करून त्यांच्यापुढून आत. पेटीवाले काका खिशात हात घालून बाजूच्या दाराने आत गेले. मी बघितलं आणि काही बोलले नाही. पण गाणं घ्यायची वेळ आली आणि ती मुलगी गिटार घेऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली, तेव्हा त्यांना विचारावंच लागलं, "पट्टी कुठली?"

"जी," ती म्हणाली.

"जी काय? पट्टी विचारतोय."

"जीच, काका."

"अगं, मान नंतर दे. आधी पट्टी सांग."

मी पुढच्या बाकावरून म्हणाले, "पांढरी पाच, काका. ती पांढरी पाचला जी म्हणते." हसणं पुढून सुरू होऊन मागच्या बाकापर्यंत गेलं. काका पेटीवर वाकले होते, त्यांचे खांदे हलत होते. गाणं जुनंच होतं, तुमच्या आवडीचं. दोन कडवी पेटीवर झाली, दोन गिटारवर. मागच्या बाकावरचे सगळे गात होते. त्या दिवशी कुणी फलाटावर राहिलं नाही. साडेआठला ती उठली, मला मान हलवून खूण केली आणि आपल्या कामाला गेली.

हे महिन्यातून एकदा होतं. उरलेल्या रविवारी बाक रिकामे असतात, घोरावाडीचा फ्लॅट भरलेला असतो, आणि काका अजून बाजूच्या दारानेच येतात. किती दिवस टिकेल, माहीत नाही. आमच्यातले तेवीस आता एकवीस झालेत.

म्हणून काही गोष्टी लिहून ठेवते. घराचं काय ते वकिलाकडे आहे, हे लहानसहान वस्तूंचं. गिटार त्या मुलीला द्यावी, आणि आईच्या फोटोमागचं तारेचं वेटोळंही तिलाच. लावू नकोस, नुसतं ठेव, असं सांगावं. तुमचं गीतांचं पुस्तक, ज्यात तुम्ही प्रत्येक गाण्यापुढे पेन्सिलीने काळी-पांढरी पट्टी लिहिली आहे, ते पेटीवाल्या काकांना. मटणाचं मोठं पातेलं चर्चच्या स्वयंपाकघरात, पण घोरावाडीच्या पोरांनी मागितलं तर त्यांना न्यायला द्यावं, आणि परत आणलं नाही तर विचारू नये. तुमचं फडकं मी धुतलेलं नाही. ते माझ्याबरोबर ठेवावं. मोरीतला तांब्या ज्याला हवा त्याने घ्यावा. आणि शवपेटीत माझा उजवा हात कापडाखाली झाकू नये, बाहेर ठेवावा. ज्याला सलाम घ्यायचा असेल त्याने घ्यावा, नसेल घ्यायचा त्याने पुढे जावं, त्याला कुणी काही बोलू नये.

हीच यादी वेगळ्या कागदावर उतरवून वकिलाकडे देते. हे पत्र मात्र कुणाला द्यायचं नाही. ते तुमच्या गीतांच्या पुस्तकात राहून काकांच्या हाती लागू नये, म्हणून मी स्वतःच ते फडक्यात गुंडाळून ठेवते आहे.

आबा, त्या दिवशी गर्दी नव्हती. हात मला दिसला होता. नखांत अजून काळं राहिलं होतं, आणि माझ्या मागे त्या दोघी होत्या. सकाळी पाणी मीच ओतलं होतं.